अपुरी गोष्ट मी पुरी केली

आमच्या घरात छापलेले कागद मोजके होते. पंचांग, आजोळहून आलेली एक पोथी, सरकारी नोटिसा दोन-तीन, आणि माझं चौथीचं क्रमिक पुस्तक. पंचांगात लिहिलेलं ग्रहण त्याच दिवशी लागायचं. नोटिशीत लिहिलेला साहेब त्याच वारी यायचा. पुस्तकातल्या गणिताचं उत्तर मागच्या पानावर बरोबर निघायचं. छापलेलं ते खरं, याबद्दल आमच्याकडे कुणी वाद घालत नसे, कारण वाद घालावा असं काही कधी घडलंच नव्हतं. हे मी आधी सांगून ठेवते. मी अनेक वर्षं मुलींचं वसतिगृह चालवते आहे, आणि ही हकीकत तिथे सांगितली की मुली विचारतात, "बाई, एवढ्या भोळ्या होत्या का त्या बायका?" भोळ्या नव्हत्या. तोवरच्या अनुभवावरून त्या वागल्या. चूक त्यांची नव्हती.

आमचं गाव तापीच्या काठावर, नंदुरबारपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. पौष लागला की आमच्या घराचा रंग बदलायचा. खळ्यावर, अंगणात, ओट्यावर, जिथे जागा तिथे लाल मिरची वाळत पडलेली. मागच्या बाजूला एक बिनखिडकीची लांबट खोली होती; वाळलेली मिरची पोत्यांत भरून तिथे ठेवत. त्या खोलीत परका माणूस दहा श्वासही टिकत नसे. आम्ही मुलं मात्र तिथे लपाछपी खेळलेली. दुपारी जेवणं झाली, कळण्याची भाकर आणि उडदाचं वरण पोटात गेलं, की गल्लीतल्या दहा-बारा बायका देठं खुडायला अंगणात बसत. देठ मोडल्याचा टक-टक आवाज, मधून कुणाची शिंक, मधून कुणाचा खोकला. हात इतके पेटायचे की संध्याकाळी माय सगळ्यांच्या हातांवर ताक ओतायची. तोपर्यंत कुणी चुकूनही डोळ्याला हात लावायचा नाही, हा पहिला नियम.

बायकांत अक्षरओळख असलेली मी एकटी. वय बारा. मिरची खुडायला माझे हात हळू, म्हणून माझ्याकडे दुसरं काम होतं. मी पोथी वाचायची. पुस्तकी मराठी बायकांना जड जायची, म्हणून ओळ वाचून लगेच घरच्या अहिराणीत सांगायची. आमच्याकडे गोष्ट सांगायची एक रीत होती. सांगणारीनं आधी गोष्ट कोणत्या गावची ते सांगायचं, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकीनं प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. हुंकार देण्याचं काम पिंजाऱ्याच्या अमीनाबीकडे होतं. पन्नाशीची, उंच, चेहरा देवीच्या वणांनी भरलेला. तिचा "हां" एवढा भरदार होता की मलाच पुढे बोलायला जोर यायचा.

मोठा दादा नंदुरबारला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता आणि रविवारी घरी यायचा. एका रविवारी त्यानं तिथल्या मॅनेजरच्या टेबलावरून टाकून दिलेला एका मासिकाचा अंक माझ्यासाठी आणला. मासिकाचं नाव 'अघटित'. मुखपृष्ठावर काळा चष्मा घातलेला एक माणूस, हातात काचेची नळी, आणि त्याच्या मागे डोळे मिटून रांगेत उभी असलेली माणसं. शाईला रॉकेलसारखा वास होता. दादा म्हणाला, "यातलं सगळं मनानं रचलेलं असतं, कमळ. न झालेलं, पण होऊ शकेल असं. वाच आणि ठेवून दे. कुणाला वाचून दाखवू नकोस, डोकं पिकवतील."

तो परत गेला त्या दुपारीच मी अंक अंगणात नेला.

गोष्टीचं नाव 'खुणेची माणसं'. नावाखाली बारीक अक्षरांत 'काल्पनिक कथा' असं छापलं होतं. ते मी वाचलं नाही. किंमत वाचली नाही, अंकाचा क्रमांक वाचला नाही, तसंच तेही. ते गोष्टीत धरायचं असतं हे मला कळलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. अर्धवट कळलं होतं, हे खरं.

"कोणता गावनी गोट शे?" मायनं पहिल्याच ओळीला विचारलं.

अंकात होतं, 'पश्चिम समुद्रावरील एका बंदरात'. बंदर म्हणजे काय हे समजावत बसले असते तर दुपार तिथेच गेली असती. मी म्हटलं, "तापीना काठना एक गावनी."

"हां," अमीनाबी म्हणाली.

मग एक शास्त्रज्ञ आला. शास्त्रज्ञ या शब्दाला आमच्या बोलीत काही नव्हतं. चित्रात त्याच्या हातात नळी होती आणि गोष्टीत तो लोकांच्या दंडावर सुई टोचत होता, म्हणून मी त्याला देवीडाक्टर केलं. गावोगाव फिरून मुलांना देवीची लस टोचणाऱ्या सरकारी माणसाला आमच्याकडे तेच म्हणत. तर हा देवीडाक्टर सांगतो की ज्वर येऊ नये म्हणून टोचतो आहे. पण सुईतून एक कण दंडात राहतो आणि वर खूण उमटते. टेकडीवर त्यानं एक यंत्र बसवलेलं आहे. ते एक दिवस मधमाश्यांसारखं गुणगुणू लागतं, आणि खुणेची माणसं हातातलं काम टाकून त्या दिशेला तोंड करून उभी राहतात. लोहाराचा हात हवेत राहतो. पाणी शेंदणारीच्या हातून दोर सुटतो. गोष्टीतलं शेवटचं वाक्य होतं, 'आणि तेवढ्यात आईच्या मांडीवरचे सर्वांत लहान मूल उठून उभे राहिले.' खाली कंसात, अपूर्ण.

टक-टक थांबली होती. गोष्टीचा असा परिणाम मी पोथीच्या वेळी कधी पाहिला नव्हता.

"पुढे काय जयं वं?" माझी भाभी, दादाची बायको, म्हणाली. तिचा बाळू अडीच वर्षांचा होता आणि त्या क्षणी तिच्या मांडीवरच झोपलेला होता.

"पुढे नही."

"नही कसं? पान उलटाड ना."

मी पान उलटलं. तिथे खोकल्याच्या औषधाची जाहिरात होती. एक टक्कल पडलेला माणूस छातीवर हात ठेवून उभा. त्या टकलाकडे बघत मी पुढची गोष्ट सांगितली. पोरं चालायला लागली. एकामागे एक, पाय न आपटता. आया हाका मारत होत्या. पोरांनी मागे वळून पाहिलं, पण त्यांच्या डोळ्यांत ओळख नव्हती. ती महादेवाच्या घाटावरून तापीच्या डोहात उतरली, आणि पाण्यावर बुडबुडासुद्धा आला नाही.

अमीनाबीचा हुंकार आला नाही. ती विसरली होती.

बारा वर्षांच्या मुलीकडे बारा बायका तशा बघत राहिल्या, तर तिला काय वाटतं हे मी आज नीट लिहू शकते. छान वाटतं. फार छान वाटतं.

थोड्या वेळानं माय म्हणाली, "तुन्हा दंडवर बी खूण शे ना?"

होती. मला आजोळी, नंदुरबारला, तान्हेपणी टोचलेलं होतं. दोन गोल खुणा, पोलक्याच्या बाहीखाली. तिथेच गोष्ट पडली असती. पण मी म्हटलं, "मनी जुनी शे. हाई नवं औषध शे." एवढ्या सफाईनं मी त्यापूर्वी कधी खोटं बोलले नव्हते.

पाच-सहा दिवसांनी कोतवालानं दवंडी पिटली. बुधवारी देवीडाक्टर येणार, तीन वर्षांखालची न टोचलेली पोरं चावडीवर आणावीत. दवंडीचा डफ पूर्वीही कितीदा वाजला होता, पण त्या दिवशी आमच्या गल्लीत दारं लागल्याचे आवाज मी ऐकले. एक, मग दुसरं, मग तिसरं. अंगणात मिरची तशीच पडलेली आणि खुडायला कुणी नाही. फक्त अमीनाबी आली. तिनं एकटीनं बसून टोपली खुडली आणि जाताना माझ्यासमोर उभी राहिली.

"कागज पढती है ना तू?" तिनं स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. "तो ये भी पढ़. मेरे को किसी ने टोचा नहीं था. दो भाई गये उस साल, मैं बची. मैं तो मेरे पोतों को लेके जाती चावडी पे."

मी खाली सांडलेली देठं गोळा करू लागले. ती निघून गेली.

मंगळवारी भाभी मला चुलीपाशी एकटीला गाठून बसली. तव्यावर भाकर होती आणि ती उलटायची राहिली होती. तिचं वय तेव्हा अठराच्या आतबाहेर असेल. मला ती मोठी बाई वाटायची.

"कमळबाई, खरं सांगा. कागदवर तेच लिखेल शे ना? पोरे डोहमा गयात ते?"

हीच ती वेळ. त्या काळाबद्दल मी आतापर्यंत जे जे टिपून ठेवलं, त्यात या एका प्रश्नापुढे दुसरं काही ठेवता येत नाही. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, त्याचा हिशोब फार लहान आहे: दोन दिवस बायका हसल्या असत्या, आणि दुपारच्या अंगणात माझं ऐकायला कुणी बसलं नसतं. तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला.

"हां," मी म्हटलं.

बुधवारी सकाळीच सगळं ठरलं होतं. आबांना, माझ्या वडिलांना, मायनं सांगितलं की बाळू मामाच्या गावी गेला. आबा शेताकडे निघाले होते. त्यांनी एकदा मायकडे पाहिलं, एकदा बाळूच्या पाळण्याकडे, आणि पागोटं बांधून निघून गेले. गल्लीतली सात मुलं आमच्या मिरचीच्या खोलीत, पोत्यांच्या मागे. प्रत्येकाच्या तोंडावर ओलं फडकं. त्यांना गप्प ठेवायला आत मी. बाळू माझ्या मांडीवर होता. दार लावल्यावर खोलीत एवढा अंधार झाला की मुलांचे डोळे तेवढे दिसत होते, सगळे पाण्यानं भरलेले. उन्हानं कौलं तापत होती आणि मिरचीचा उग्र दर्प खालून वर चढत होता. कुणी रडलं नाही. आपण रडलो तर काय होईल हे त्यांच्या आयांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, आणि ते मीच त्यांच्या आयांना सांगितलं होतं.

देवीडाक्टर दुपारी दारोदार फिरत आला. चावडीवर तिघंच आली होती, अमीनाबीचे दोन नातू आणि कोतवालाचं पोर. बाहेर त्याचा आवाज ऐकू आला. शांत, थकलेला, शुद्ध मराठीतला. "बाई, या घरात लहान मूल आहे असं कोतवाल म्हणतो." मायचा आवाज, "मामाना गावले गयं." मग जोड्यांचा आवाज जवळ आला, खोलीची कडी वाजली, आणि प्रकाशाची एक पट्टी पोत्यांवर पडली. मी बाळूच्या फडक्यावरून हात दाबला. त्याचा गरम श्वास माझ्या तळव्याला लागत होता. दारातला माणूस एकदा शिंकला, दोनदा शिंकला, मग त्याला असा ठसका लागला की तो वाकून बाहेर गेला. "इथे मूल कसं असेल," तो कोतवालाला म्हणाला.

तो गावाबाहेर पडल्यावर बायका पोट धरून हसल्या. एकीनं त्याच्या शिंकेची नक्कल केली. मायनं सगळ्यांना गुळाचा चहा केला. बाळूचे डोळे लाल झाले होते. भाभीनं ते ताकाच्या निवळीनं धुतले आणि मला जवळ घेतलं.

रविवारी दादा आला. त्यानं बाळूला उचलत विचारलं, "टोचलं ना याला?" भाभी म्हणाली, "हां." दादानं बाही वर करून पाहिली नाही. मी तिथेच उभी होते, हातात पाण्याचा तांब्या. गप्प बसणं चुलीपाशी 'हां' म्हणण्यापेक्षा सोपं होतं.

चैत्रात पहिली बातमी वरच्या गल्लीतून आली. मग आमच्या गल्लीत एका घराच्या दाराला निंबाची डहाळी दिसली. मग दुसऱ्या. डहाळी दिसली की समजायचं, त्या घरात माता आली. तिथून विस्तव मागायचा नाही, तिथे पायताण घालून जायचं नाही. मी शाळेच्या पाटीवर डहाळ्या लिहून ठेवायला लागले, कोणत्या घरी, कोणत्या वारी. बाळूला ताप आला तेव्हा माय म्हणाली ऊन लागलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या कपाळावर दाणे उठले, आणि मायनं आमच्या दाराला डहाळी बांधली.

माता घरात असली की घर कसं चालतं, हे आताच्या मुलींना सांगावं लागतं. फोडणी द्यायची नाही, तेल तापवायचं नाही. तिखट घरात ठेवायचं नाही. आमची सगळी मिरची गाड्या भरून शेतातल्या मांडवात गेली आणि अंगण एकाएकी मातकट, उघडं दिसू लागलं. केस विंचरायचे नाहीत. आजारी मुलाला नावानं हाक मारायची नाही, कारण आता तो बाळू नाही, पाहुणी आहे. "माय, थंड ऱ्हाय" असं म्हणत निंबाच्या पाल्यानं वारा घालायचा. आणि सर्वांत मोठा नियम, घरात रागाचा शब्द निघू द्यायचा नाही. कुणावर ओरडायचं नाही, कुणाला टाकून बोलायचं नाही. पाहुणी रुसते.

त्या शांततेची मला जितकी भीती वाटली तितकी नंतर कशाचीच वाटली नाही. मोरीवर भांडं ठेवल्याचा आवाज होऊ नये म्हणून खाली फडकं घालत. दादा निरोप मिळताच आला. त्यानं मुलाची बाही वर करून दंड पाहिला, मग भाभीकडे पाहिलं, आणि ओट्यावर जाऊन बसला. तो काही बोलू शकत नव्हता. कुणीच बोलू शकत नव्हतं. सगळ्यांचं बोलणं साठत चाललं होतं.

सातव्या दिवशी मी भाभीजवळ गेले. बाळूचा चेहरा ओळखू येत नव्हता, डोळे सुजून मिटलेले. भाभी वारा घालत होती.

"भाभी, ते डोहनं कागदवर नव्हतं. ते मी मन्हा मननं सांगेल व्हतं."

पाला थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडाची एक बाजू हलली, आणि मग तिनं ओठ मिटले. "आते काही बोलू नका," ती अगदी हळू, अगदी गोड आवाजात म्हणाली. "माय घरमा शे." आणि पाला पुन्हा हलू लागला.

आमच्या गल्लीत त्या महिन्यात दोन मुलं गेली. दोन्ही त्या खोलीत माझ्याजवळ होती. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. त्या घरची माणसं अजून आहेत आणि सणावाराला माझी विचारपूस करतात.

बाळू वाचला. खपल्या धरल्या, निंबाच्या पाण्याची अंघोळ झाली, मातेला दहीभाताचा नैवेद्य गेला, दाराची डहाळी उतरली. उजव्या डोळ्यात पांढरं फूल पडलं होतं. डाव्यानं त्याला उजेड आणि हालचाल तेवढी कळायची, पुढेही तेवढीच कळत राहिली. त्या दिवशी मायनं कढईत तेल टाकलं. मोहरी तडतडली. तो आवाज ऐकून भाभी उठली, माझ्यापाशी आली, आणि तिनं मला एक थोबाडीत मारली. एकच. नणंदेवर हात उचलणं त्या काळी सोपं नव्हतं. माय झारा हातात धरून बघत होती. भाभीनं बाळूला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "चला."

देवीडाक्टर साथीमुळे पुन्हा आला होता. चावडीवर तो आणि कोतवाल दोघंच बसलेले; एकही बाई फिरकली नव्हती. भाभी आयुष्यात पहिल्यांदा चावडीची पायरी चढली असेल. तिनं मला पुढे ढकललं. "इले लिखता येस," ती म्हणाली. "कोणता घरमा कोण पोऱ्या शे, इले सगळं माहीत शे. ही सांगी, मी संगे फिरसू."

त्यानं मला कागद दिला, पेन्सिल दिली. गल्लीच्या टोकापासून घराघरातली मुलं लिही म्हणाला. मी खाली बसून लिहू लागले. पहिलं घर आमचं, म्हणून पहिलं नाव बाळूचं लिहिलं. मग शेजारचं, मग त्यापुढचं. दोन घरांपाशी पेन्सिल थांबली आणि मी ती घरं ओलांडून पुढे गेले. देवीडाक्टरानं कागद हातात घेतला, भाभीच्या कडेवरच्या मुलाकडे पाहिलं. "हाच का हा?" मी मान हलवली. "याला देवी येऊन गेल्या. याला आता लस लागत नाही," तो म्हणाला, आणि त्यानं पहिल्या नावावर आडवी रेघ ओढली.

भाभीला वाचता येत नव्हतं, पण रेघ तिनं पाहिली.

"काय खोडं त्यासनी?"

अंगणभर बायकांना मी त्या वर्षी किती वाचून दाखवलं होतं. आता एका बाईला एक ओळ वाचून दाखवायची होती. मी कागदावर जेवढं होतं तेवढंच वाचलं. बाळूचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आणि ते खोडलं आहे, कारण त्याला आता गरज नाही.

भाभीनं बाळूला कडेवर सावरून घेतलं. त्याच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून धरलेला पदर तिनं बाजूला केला, म्हणजे घरोघरी दारात येणाऱ्या प्रत्येकीला तो चेहरा दिसावा.

"बरं," ती म्हणाली. "आते पुढलं नाव वाचा."